दप्तर कोणाचें?

दप्तर हा शब्द आमच्या विद्यार्थिवाचकांना नवा नाहीं. रोज सकाळीं ते पाठीवर घेऊन शाळेंत येतात तेंही दप्तर, आणि सरकारी कचेरीच्या कपाटांत कागद बांधून ठेवलेले असतात तेंही दप्तरच. पहिलें दप्तर गुरुजी व आईबाप केव्हांही उघडून पाहूं शकतात. कारण तें मुलाजवळ असलें तरी मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर आहे. दुसरें दप्तर सरकारी नोकरांच्या ताब्यांत असतें, पण तें भरतें लोकांच्या पैशानें आणि लोकांच्याच कामासाठीं. मग तें उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला? वरवर पाहतां हा प्रश्न लहान दिसतो. परंतु नभोवाणी, दूरचित्रवाणी व इंटरनेट यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळांच्या बाबतींत तो केवढा मोठा होतो, हें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून दाखविण्याचा आमचा या लेखांत विचार आहे.

प्रथम असें मंडळ लागतेंच कशाला, हें पाहूं. एकाच गांवांत दोन नभोवाणी केंद्रें एकाच लहरीवर बोलूं लागलीं, तर नुसता गोंगाट होतो आणि ऐकणाऱ्यास कांहींच उमगत नाहीं. म्हणून कोणी कोणत्या लहरीवर बोलावें हें ठरविणारा कोणी तरी मध्यस्थ हवा. अमेरिकेंत सन १९३४ च्या कायद्यानें फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन नांवाचें मंडळ या कामासाठीं स्थापन झालें. त्याच्या सभासदांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात व तीस सेनेटची संमति लागते. सभासदांच्या जागा पांच असून त्यांपैकीं तिघांहून अधिक एकाच राजकीय पक्षाचे असूं नयेत असा निर्बंध आहे. केंद्रांना परवाने देणें आणि तारेनें वा बिनतारी दळणवळण चालविणाऱ्या कंपन्यांसाठीं नियम करणें, हीं मंडळाचीं मुख्य कामें होत.

आतां ज्या एका कागदावर कोट्यवधि डॉलरांचा व्यापार अवलंबून आहे, त्या कागदावर सही करणाऱ्याच्या दाराशीं गर्दी व्हावी यांत नवल तें काय? या येण्याजाण्याला इंग्रजींत लॉबिंग असें म्हणतात. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. आंत बसणाऱ्यांना बाहेर ओसरींत गांठून आपलें म्हणणें त्यांच्या गळीं उतरविणें, हें लॉबिंग. येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. आपली बाजू मांडणें हा गुन्हा नव्हे. शेतकरी आपलें गाऱ्हाणें मांडतो, शिक्षक मांडतो, तसेंच कारखानदारानेंही मांडावें. दोष मांडण्यांत नसून लपविण्यांत आहे. दोन पक्षांच्या वादांत एक पक्ष उघड सभेंत बोलतो आणि दुसरा न्यायाधीशाला रात्रीं मेजवानीस बोलावतो, अशा वेळीं न्यायाचा तराजू सरळ राहील असें कोण म्हणेल?

ही भीति कल्पनेंतली नाहीं. सन १९५८ मध्यें मायामी शहरांतील दूरचित्रवाणीच्या एका परवान्याची चौकशी अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींच्या एका समितीनें केली. ज्या कंपनीला तो परवाना मिळाला होता तिच्या बाजूनें खटपट करणाऱ्या एका वकिलाकडून मंडळाचे सभासद रिचर्ड मॅक यांनीं पैसे घेतले होते, हें त्या चौकशींत उघड झालें व मॅक यांना राजीनामा द्यावा लागला. पुढें दोनच वर्षांनीं, सन १९६० मध्यें, खुद्द मंडळाचे अध्यक्ष जॉन डोअरफर यांनींही आपली जागा सोडली. एका केंद्रमालकाच्या नौकेवर त्यांनीं पाहुणचार घेतल्याचें बाहेर आलें होतें. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. आज त्या मंडळांत असा दंडक आहे कीं, बहुतेक नियम ठरत असतांना कोणी सभासदास खाजगी रीतीनें भेटला, तर कोण भेटलें व काय बोलणें झालें याची लेखी नोंद भेटणाऱ्यानें दप्तरीं दाखल करावी, आणि ती वाटेल त्यास पाहतां यावी.

पण जी नोंद आपण होऊन कोणी करीत नाहीं ती बाहेर यावी कशी? त्यासाठीं मागण्याचा अधिकार लागतो. या अधिकाराचा इतिहास जुना आहे. सन १७६६ मध्यें स्वीडन देशानें सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेला कायद्यानें दिला; त्या कायद्यासाठीं झटणाऱ्यांत अँडर्स किडेनियस नांवाचे एक पाद्री प्रमुख होते. त्यानंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, ४ जुलै १९६६ रोजीं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं तशाच कायद्यावर सही केली. जॉन मॉस नांवाच्या लोकप्रतिनिधीनें त्यासाठीं दहा वर्षांहून अधिक काळ परिश्रम केले होते. या कायद्यान्वयें कोणीही मनुष्य सरकारी खात्यास पत्र लिहून कागद मागूं शकतो, व सामान्यतः वीस कामाच्या दिवसांत खात्यानें उत्तर दिलें पाहिजे. राष्ट्राचें संरक्षण, व्यापारांतील गुपितें, व्यक्तीचें खाजगी जीवन इत्यादि नऊ अपवाद कायद्यांत घातले आहेत. कागद नाकारला तर न्यायालयाचें दार उघडें आहे.

हीं सर्व शस्त्रें कामास कशीं येतात, हें सन २०१७ मध्यें दिसून आलें. इंटरनेटची तार ज्या कंपन्यांच्या मालकीची आहे त्यांनीं त्या तारेवरून जाणाऱ्या सर्व मजकुरास सारखी वाट द्यावी, पैसे देणाऱ्याला पुढें व न देणाऱ्याला मागें असें करूं नये, असा नियम मंडळानें सन २०१५ मध्यें केला होता. सन २०१७ मध्यें तोच नियम रद्द करण्याचा बेत मंडळानें जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणें लोकांचे अभिप्राय मागविले. दोन कोटी वीस लक्षांहून अधिक अभिप्राय आले! लोकशाहीचा केवढा हा उत्साह, असें कोणासही वाटलें असतें. परंतु नीट पाहतां लक्षावधि अभिप्रायांतील शब्द अक्षरशः एकच होते. कांहींवर मृतांचीं नांवें होतीं. जिवंत माणसांपैकीं कित्येकांनीं, 'आम्हीं असें कांहीं लिहिलेंच नाहीं,' म्हणून तक्रार केली. जेफ मर्क्ली व पॅट टूमी हे दोन सेनेटर परस्परविरोधी पक्षांचे. पण त्या दोघांचींही नांवें कोणी तरी परस्पर वापरलीं होतीं.

मग हे अभिप्राय पाठविले कोणीं? येथें वृत्तपत्रकारांचें काम सुरू झालें. जेसन प्रेक्टेल या स्वतंत्र पत्रकारानें एक साधी गोष्ट हेरली. हजारों अभिप्राय एकाच गठ्ठ्यांत पाठविण्याची सोय मंडळानें ठेविली होती, आणि गठ्ठा पाठविणाऱ्यास आपला ई-मेलचा पत्ता द्यावा लागे. त्यानें सन २०१७ च्या जूनमध्यें गठ्ठे पाठविणाऱ्यांचे ते पत्ते मागितले. मुदतींत उत्तर आलें नाहीं, तेव्हां तो न्यायालयांत गेला. सप्टेंबर २०१८ मध्यें न्यायाधीश क्रिस्टोफर कूपर यांनीं निकाल दिला. त्याच्या मागणीचा प्रत्येक भाग मान्य झाला नाहीं. परंतु गठ्ठे पाठविणाऱ्यांचे पत्ते मंडळानें द्यावेत असें ठरलें. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानेंही त्याच जून महिन्यांत अर्ज केला होता. प्रत्येक अभिप्राय इंटरनेटवरील कोणत्या ठिकाणाहून आला तो आंकडा त्यास हवा होता. मंडळानें नकार दिला. वृत्तपत्रानें आपली मागणी पुन्हा पुन्हा आटोपशीर केली, तरी नकार कायम राहिला. शेवटीं खटला होऊन ३० एप्रिल २०२० रोजीं न्यायाधीश लॉर्ना स्कोफील्ड यांनीं वृत्तपत्राच्या बाजूनें निकाल दिला.

मंडळाचें म्हणणें काय होतें तेंही ऐकलें पाहिजे. ज्यांनीं प्रामाणिकपणें अभिप्राय दिला त्यांचा ठावठिकाणा बाहेर आल्यास त्यांच्या खाजगी जीवनास धक्का लागेल, असें मंडळ म्हणे. हा मुद्दा पोकळ नाहीं. पण न्यायाधीशांनीं दोन्ही पारडीं तोलून पाहिलीं. खऱ्या लोकांचा आवाज खोट्या लोकांच्या कोलाहलांत बुडून जात असेल, तर लोकांना विचारून नियम करण्याची पद्धतिच निष्फळ होते. म्हणून सत्य कळण्यांत लोकांचें हित अधिक, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता.

दरम्यान न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलांची स्वतंत्र चौकशी चालूच होती. तिचा अहवाल मे २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. दोन कोटी वीस लक्षांपैकीं जवळजवळ एक कोटी ऐंशी लक्ष अभिप्राय बनावट ठरले! त्यांतील पंचाऐंशी लक्षांहून अधिक अभिप्राय इंटरनेट पुरविणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांच्या पैशानें चाललेल्या एका गुप्त मोहिमेंतून आले होते, आणि त्या मोहिमेनें या कामीं बेचाळीस लक्ष डॉलर खर्चिले होते. बक्षिसांचें आमिष दाखवून लोकांची संमति मिळवावी असा देखावा होता. प्रत्यक्षांत मक्तेदारांनीं नांवें व संमति दोन्ही घरबसल्या रचलीं. अशा तीन मक्तेदारांस मिळून चव्वेचाळीस लक्ष डॉलर भरावे लागले. मात्र या लबाडीची माहिती खुद्द त्या मोठ्या कंपन्यांना होती असा पुरावा मिळाला नाहीं, हेंही अहवालांत नमूद आहे व तें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

अहवालांतील आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावी. सत्त्याहत्तर लक्ष बनावट अभिप्राय उलट बाजूचे, म्हणजे नियम कायम ठेवा असें म्हणणारे होते, आणि ते सर्व एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें यंत्राच्या साहाय्यानें खोटीं नांवें घालून पाठविले होते. आपली बाजू न्याय्य आहे असें त्यास वाटत असेल. पण न्याय्य बाजूसाठीं केलेली खोटी सही खोटीच राहते. धनिकाची लबाडी पाहून आपणांस जो संताप येतो, तोच आपल्या वयाच्या मुलाच्या लबाडीविषयींही आला पाहिजे. नाहीं तर तो संताप सत्यासाठीं नसून केवळ पक्षासाठीं आहे असें होईल.

कोणी विचारील कीं, एवढ्या खटपटीचें फळ काय मिळालें? वादग्रस्त नियम तर मंडळानें १४ डिसेंबर २०१७ रोजींच तीन विरुद्ध दोन मतांनीं रद्द केला. कागद मिळाले ते त्यानंतर. सन २०२४ मध्यें मंडळानें तो नियम पुन्हा आणला आणि जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें तो रद्द ठरविला. तेव्हां कागद मिळाल्यानें नियम वांचला असें म्हणतां येत नाहीं. आमच्या मतें फळ निराळेंच आहे. जनतेच्या नांवानें झालेला गलबला खरोखर जनतेचा होता कीं नाहीं, हें तपासून पाहण्याचा हक्क जनतेला आहे, ही गोष्ट सिद्ध झाली. झांकली मूठ सव्वा लाखाची असें आपण म्हणतों. पण सार्वजनिक कामांत झांकलेल्या मुठीची किंमत लोकांनाच भरावी लागते.

आपल्या देशांतही या विषयाचा संबंध येतो. सन २०१५ मध्यें भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें इंटरनेटच्या अशाच प्रश्नावर अभिप्राय मागविले, तेव्हां दहा लक्षांहून अधिक ई-मेल आले. अमेरिकेच्या मंडळानें पत्ते झांकून ठेवले, तर आपल्या प्राधिकरणानें सर्व पत्रें लिहिणाऱ्यांच्या नांवांपत्त्यांसह उघड्यावर मांडलीं. आणि सामान्य माणसांचे पत्ते असे चव्हाट्यावर आणल्याबद्दल त्यावर टीका झाली. यावरून उघडेपणालाही विवेक हवा हें दिसतें. अधिकाऱ्याची बैठक उघडी असावी, नागरिकाचें घर नव्हे.

माहिती मागण्याचा कायदाही आपल्याकडे आहे. महाराष्ट्रांत तो देशाच्या कायद्याच्या आधींच झाला होता व त्यासाठीं अण्णा हजारे यांनीं उपोषण केलें होतें. सन २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणें केंद्र सरकारच्या कचेरींत दहा रुपये भरून अर्ज करतां येतो, उत्तर सामान्यतः तीस दिवसांत मिळावें लागतें, आणि माहिती कशाला हवी याचें कारण सांगावें लागत नाहीं. मात्र मागणें ही एक कला आहे. 'सर्व कागद द्या' असें लिहिणाऱ्याला बहुधा कांहींच मिळत नाहीं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक विषयावर, अमुक अधिकाऱ्यास कोण भेटलें त्याची नोंद द्या, असें लिहिणाऱ्याला टाळणें कठीण जातें. प्रेक्टेल यानें दोन कोटी अभिप्रायांच्या राशींतून नेमकें गठ्ठे पाठविणाऱ्यांवर बोट ठेविलें, यांतच त्याचें यश होतें. आणि टाइम्सला जवळजवळ तीन वर्षें वाट पाहावी लागली, हें ज्यास पहिल्या नकारानें निराशा येते त्यानें आठवावें.

सुरुवातीस आम्हीं विचारलें होतें कीं, दप्तर कोणाचें? कपाटाची किल्ली अधिकाऱ्याजवळ असेल, पण किल्ली संभाळणारा मालक होत नाहीं. आज आमचे विद्यार्थी पाठीवरचें दप्तर वाहत आहेत. उद्यां त्यांपैकीं कोणी वृत्तपत्रकार होईल व कागद मागेल. कोणी अधिकारी होईल व त्याच्याकडे कागद मागितला जाईल. पहिल्यानें चिकाटी सोडूं नये आणि दुसऱ्यानें कपाटाकडे पाठ करून उभें राहूं नये, एवढेंच आमचें दोघांनाही सांगणें आहे.