पाहुण्यासाठी जागा : आगमनकालातील बालोपासनेचा पाठ

शास्त्रपाठ : लूक 2:1-7, मत्तय 25:35

उद्देश : येणाऱ्याची ओळख पटण्याआधीच त्याच्यासाठी जागा करावी, हे मुलांना उमजावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आगमनकाल म्हणजे प्रभूच्या स्वागताची तयारी. परंतु बेथलेहेमात त्याला कोणी ओळखले नाही. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले.

जबलपूरजवळून वाहणाऱ्या नर्मदेची अनेक यात्रेकरू पायी परिक्रमा करतात. नावगाव ठाऊक नसतानाही तीरावरील गावकरी त्यांना शिधा व रात्रीचा निवारा देतात. शेजाऱ्यांचे हे आदरातिथ्य मुलांना अवश्य सांगावे.

याच जबलपुरात 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, 2003 साली पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. अशा शहरात नोकरीनिमित्त नवी कुटुंबे येतात. त्यांतील एखादे मराठी मूल हिंदी उपासनेला आले, तर गीते परकी वाटून ते मागच्या बाकावर गप्प बसते. त्याला कोणी घालवून देत नाही. पण कोणी जवळ बोलावतही नाही. उतारशाळेत जागा नव्हती, ती अशीच.

कृती : दर रविवारी दोन मुलांकडे स्वागताचे काम सोपवावे. त्यांनी नव्या मुलाचे नाव विचारावे, त्याला शेजारी बसवावे, गीताचे पान काढून द्यावे. नाताळच्या कार्यक्रमात त्याच्या भाषेतील एक गीत सर्वांनी शिकून गावे. मात्र घरी अनोळखी माणूस आल्यास प्रथम वडीलधाऱ्यांना सांगावे, हेही समजवावे.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या बाकावर आणि आमच्या अंतःकरणात दुसऱ्यासाठी जागा करावयास आम्हांस शिकव. आमेन.