मोठ्या कंपनीशी करार करताना

प्रश्न : भोसरीत माझे छोटे मशिनिंग युनिट आहे. जवळपास सगळा माल एकाच मोठ्या कंपनीला जातो. नव्या करारात ९० दिवसांनी पैसे आणि तीन वर्षे दर स्थिर, असे कलम आहे. सही करू का?
– एक लघुउद्योजक, पुणे

उत्तर : आहे तशी सही करू नका.

तुमच्याकडे उत्पादक म्हणून सूक्ष्म वा लघु उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत करारातही ठेवता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मालाबद्दलची तक्रार खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी कळवली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. म्हणून प्रत्येक चलनावर पोच घ्या.

दर मात्र वाटाघाटीनेच ठरतात. तेथे तीन गोष्टी मागा. कच्च्या मालाचा भाव ठरावीक टक्क्यांहून जास्त बदलला, तर तिमाहीला दर आपोआप बदलावा. फक्त त्यांच्यासाठी डाय किंवा फिक्श्चर बनवत असाल, तर किमान खरेदीची हमी किंवा उरलेला खर्च भरून देण्याचे कलम हवे. करार संपवण्याची पूर्वसूचना दोघांनाही सारखीच असावी.

हे कंपनीच्याही हिताचे आहे. तोट्यात चाललेला पुरवठादार दर्जा राखू शकत नाही, आणि एक सुटा भाग अडला तरी त्यांची असेंब्ली लाइन थांबते. वाटाघाटीत हाच मुद्दा ठामपणे मांडा. सोबतच दुसरा ग्राहक शोधायला आजच लागा. तुमचे बळ त्यानेच वाढेल.