मानसशास्त्राचे एम.ए. : अर्ज भरण्याआधी

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुली आणि मुले आता आपल्या वस्त्यांमधल्या बऱ्याच घरांत आहेत. तिसरे वर्ष संपत आले की ती एम.ए.चे नाव काढतात आणि घरात दोन प्रश्न निघतात. "वेड्यांचा डॉक्टर होऊन काय मिळणार?" आणि "पैसे किती लागणार?" हे पान आरोग्याचे असले तरी हा विषय आम्ही मुद्दाम येथे घेतला आहे. मन आजारी पडलेल्या माणसाला आपली भाषा, आपली दहा बाय दहाची खोली, आपल्या घरातली भांडणे समजणारे कोणी समोर मिळाले, तर उपचार लवकर सुरू होतो. अशी माणसे आपल्याच घरांतून तयार व्हायला हवीत.

आधी नावांचा घोळ सोडवू. मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो. तो औषध लिहून देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. त्यातही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असे नाव लावून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आर.सी.आय.कडे नोंदणी लागते. या परिषदेचा कायदा 1992 सालचा आहे. नुसत्या एम.ए.वर ही नोंदणी मिळत नाही. त्यासाठी आजवर एम.ए.नंतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचे एम.फिल. करावे लागे. बंगळुरूचे निम्हान्स, रांचीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिॲट्री या त्यातल्या जुन्या, नावाजलेल्या संस्था. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे एम.फिल. मागे पडत आहे आणि परिषदेचे नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या ताईचे ऐकून ठरवू नका.

शाळा, महाविद्यालय, व्यसनमुक्ती केंद्र किंवा संस्थेत समुपदेशक व्हायचे असेल तर एम.ए. पुष्कळ ठिकाणी चालते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचे पद वेगळे असते आणि मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याचे वेगळे. त्या दुसऱ्या पदाची वाट एम.एस.डब्ल्यू.कडून जाते. आपल्याला कुठे पोचायचे ते आधी ठरले की कोणता अर्ज भरायचा ते आपोआप ठरते.

हे एवढे सविस्तर सांगण्याचे कारण पैसा आहे. "सहा महिन्यांत थेरपिस्ट व्हा" अशा जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. त्यासाठी बचत गटातून कर्ज उचलणारी घरे आहेत. असा कोर्स विचारात असेल तर एकच गोष्ट विचारा: हा अभ्यासक्रम आर.सी.आय.च्या यादीत आहे का? उत्तर गोल गोल आले तर पैसे भरू नका. दूरस्थ पद्धतीच्या एम.ए.लाही हेच लागू. इग्नूचे मानसशास्त्राचे दूरस्थ एम.ए. 2025 पर्यंत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येत असे, ज्ञानासाठी ते चांगले होते, कमावत्या माणसाला सोयीचेही होते. पण ते केलेल्यांना पुढे क्लिनिकलला जायचे असेल तर तिथे दूरस्थ पदवी चालते की नाही हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी अडचण वेळेची. आपली मुले निकाल लागल्यावर, जूनमध्ये, एम.ए.चा विचार करतात. तोवर अर्धी दारे बंद झालेली असतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी सी.यू.ई.टी.-पी.जी. ही परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज गेली काही वर्षे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते, म्हणजे बी.ए.चा शेवटचा पेपर देण्याआधीच. प्रश्न 75, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकल्यास 1 गुण वजा. मराठी माध्यम त्यात नाही. मुंबई विद्यापीठाचा कलिना येथील विभाग, पुणे विद्यापीठाचा विभाग, एस.एन.डी.टी. आणि पदव्युत्तर वर्ग असलेली महाविद्यालये यांचे प्रवेश वेगळे आणि बहुधा उन्हाळ्यात होतात. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसणे परवडणारे नाही. किमान तीन-चार ठिकाणी भरावा.

कागदपत्रांत आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. 1990 साली कायदा बदलून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलत मिळाली. पण राज्याच्या नमुन्यातला 'नवबौद्ध' असा दाखला केंद्रीय संस्थेत अडवला जातो. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला अनुसूचित जातीचा दाखला लागतो. तो आपले सरकार केंद्रातून किंवा तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवावा. मार्चमध्ये धावपळ करून मिळत नाही. उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र, हेही एका फाईलीत लावावे. आई-वडील कामावर असतात, रांगेत उभे राहायला कोण जाणार हे घरात आधीच ठरलेले बरे.

फीसाठी महाडीबीटीवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत जाते. हप्ता उशिरा येतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांचा खर्च हाताशी लागतोच.

आता अभ्यास. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्या मुलांना विषय समजलेला असतो, पण इंग्रजी शब्द अडवतात. 'साधक अभिसंधान' माहीत असते, 'ऑपरंट कंडिशनिंग' दिसले की हात थांबतो. यावर उपाय साधा. एक वही करा, डाव्या बाजूला मराठी संज्ञा, उजव्या बाजूला इंग्रजी, रोज दहा. एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी आणि बारावीची मानसशास्त्राची पुस्तके इंटरनेटवर फुकट मिळतात. शाळेची म्हणून त्यांना कमी लेखू नये, पाया त्यांनीच पक्का होतो. नंतर मॉर्गन-किंग यांचे पुस्तक घ्यावे. संख्याशास्त्र मात्र बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि तिथेच गुण जातात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध ही गणिते हाताने सोडवून पाहावीत. वस्तीतल्या वीस मुलांचे झोपेचे तास आणि परीक्षेचे गुण लिहून सहसंबंध काढला, तर तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

मुलाखत असेल तिथे "मला समाजसेवा करायची आहे" हे उत्तर जवळजवळ प्रत्येक जण देतो. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट सांगावी आणि तिच्यातून पडलेला प्रश्न. दारू सोडलेला माणूस चांगले सहा महिने काढून पुन्हा का पितो? नापास झालेला मुलगा घरी बोलत नाही पण मित्राला सगळे सांगतो, ते का? असे प्रश्न आपल्याकडे ढीगभर आहेत. बोलताना शेजाऱ्याचे नाव किंवा ओळख पटेल अशी खूण मात्र देऊ नये. गुपित राखणे हा या धंद्याचा पहिला नियम आहे आणि समोरचे तेच पारखत असतात. इंग्रजीत अडखळलात तर हिंदीत किंवा मराठीत सांगू का, असे सरळ विचारावे. रडवेले होऊन गरिबीची कहाणी सांगू नये. आपले अनुभव माहिती म्हणून मांडावेत.

काही मुले स्वतःच्या मनाला त्रास आहे म्हणून हा विषय घेतात. त्यात वावगे काही नाही. पण एम.ए. हा उपचार नव्हे. झोप उडणे, सतत उदास वाटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणे असे होत असेल तर प्रवेशाची वाट न पाहता मदत घ्यावी. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीतही बोलता येते.

आणि प्रवेश मिळाला की वस्तीत लगेच "आमच्या पोराला जरा समजाव" अशी बोलावणी सुरू होतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने अशा वेळी ऐकून घ्यावे आणि सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा वरचा क्रमांक सांगावा. काका-मावशींनीही तिला तोवर अभ्यास करू द्यावा.