बंड्याची साखर आणि तुझी घाई

रत्नागिरी

चि. ऋजुता,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. सकाळच्या इन्सुलिनच्या सुईआधी बंड्या बोक्याची साखर 382, संध्याकाळच्या सुईआधी 365, आणि खाली प्रश्न, ‘आत्या, एक युनिटचं दीड करू का?’ नको करूस. फोनवर एवढंच म्हटलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणाली असतीस आणि दोन दिवसांनी गुपचूप दीड केलं असतंस. तुझ्या बाबाचीही हीच खोड आहे. म्हणून पत्र लिहायला बसले.

तू पाठवलेले दोन्ही आकडे सुईच्या तोंडावरचे आहेत. आधीच्या सुईचा जोर उतरत आलेला असताना साखर किती होती, एवढंच त्यांवरून कळतं. मधल्या बारा तासांत ती किती खाली गेली होती ते कळत नाही, आणि डोस ठरवताना डॉक्टर आधी बघतात तो हा तळाचा आकडा. समज, दुपारी एकच्या सुमारास बंड्या 90 वर येत असेल. तू सकाळचे 382 बघून डोस दीडपट केलास तर त्या 90चे 50ही होऊ शकतात. त्या वेळी तू हिंजवडीत मीटिंगमध्ये आणि आजी दुपारची आडवी झालेली. मांजराची साखर चार दिवस 380 राहिली म्हणून ते दगावत नाही. 40 वर आली तर एका दुपारीही दगावू शकतं. म्हणून डोस वाढवायची वेळ आली तरी डॉक्टर पाव-अर्ध्या युनिटानेच पुढे जातात.

दुसरं असं, की बंड्यासाठी दिलेलं ग्लार्जिन हे संथ इन्सुलिन आहे. बाटलीत ते आम्ल असतं, कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण तयार होतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. त्यामुळे डोस बदलला की त्याचा पुरता परिणाम दिसायला पाच-सात दिवस जातात. आमटीत घातलेलं मीठ विरघळायच्या आत पुन्हा मीठ घालणाऱ्या बाईसारखी तुझी गत होऊ नये. आणि बाटलीतलं ते आम्लपण बिघडू नये म्हणून त्यात पाणी किंवा दुसरं इन्सुलिन मिसळायचं नाही. मापायला सोपं जावं म्हणून पातळ करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस.

आता सिरिंज. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. आपल्याकडे माणसांच्या इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटांच्या आणि 100 युनिटांच्या. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. 40वालीचं टोपण लाल, 100वालीचं केशरी. ग्लार्जिन 100चं आहे. केमिस्टकडे ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढंच म्हणालीस तर तो हाताला येईल ती देईल, आणि पुष्कळदा लालच हाताला येते. लाल सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ग्लार्जिन भरलंस की ते एक युनिट नसतं, अडीच असतं. पाच किलोच्या बोक्याला एकदम अडीच युनिट! केशरी टोपणाची, 30 युनिटांची, अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली सिरिंज माग आणि डबा उघडून खात्री करून घे. एका मांजराचा डोस इतका लहान असतो की जाड सिरिंजमध्ये रेघ चुकायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश पुरतो.

तुझ्या घरी माणसं तीन, म्हणून फ्रिजवर कॅलेंडर लाव. ज्याने सुई दिली त्याने तिथल्या तिथे वेळ टाकून सही करायची. ‘मला वाटलं तू दिली नाहीस’ या एका वाक्याने दोनदा सुई टोचली गेलेली मांजरं मी दवाखान्यात पाहिली आहेत. बंड्याने उडी मारली, औषध केसांवर सांडल्यासारखं वाटलं, नक्की किती आत गेलं कळेना, तर पुन्हा टोचायचं नाही. तो डोस गेला असं धरून पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. सुई द्यायला विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. आणि बंड्याने खाल्लं नसेल, ओकला असेल किंवा सुईआधीचा आकडा 150 च्या आत असेल, तर सुई भरायच्या आधी डॉक्टरांना फोन. पुढे सवय झाल्यावर ते कदाचित वेगळा नियम घालून देतील. आत्ता हाच.

टोचायला मानेचीच कातडी धरायला हवी असं नाही. मला तर बरगड्यांच्या बाजूची जागा बरी वाटते, तिथून औषध चांगलं शोषलं जातं. रोज जागा थोडी बदल. पुढे खाणं ठेवून, तो खात असतानाच टोच. सुई इतकी बारीक असते की पुष्कळ मांजरं मागे वळूनही बघत नाहीत. घाबरायचं काम बहुतेक वेळा माणूसच करतो.

कान टोचण्याबद्दल तू लिहिलंस की थेंबच येत नाही. कान गार असेल तर येणारच नाही. कोमट पाण्यात फडकं पिळून मिनिटभर कानाला धर. कानाच्या कडेने एक शीर जाते, तिच्यावर नव्हे, ती आणि कड यांच्या मधल्या पट्टीत टोच, मागे कापसाचा बोळा धरून. आधी व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवलंस तर थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. मग कापसाने दाबून धर आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा दे. आठवडाभरात तो डबा वाजला की स्वतःहून येऊन बसेल. बोक्यांना तत्त्व वगैरे नसतं.

माणसांचं ग्लुकोमीटर चालेल. मांजराच्या रक्तात ते बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं, कारण मांजराच्या रक्तातली जवळजवळ सगळी साखर तांबड्या पेशींच्या बाहेरच्या द्रवात असते आणि मीटर बेतलेलं असतं माणसाच्या रक्तावर. म्हणून मीटर एकच ठेव, दोन मीटरांचे आकडे शेजारी मांडून रडत बसू नकोस. आणि दवाखान्यातल्या साखरेवर फार भिस्त ठेवू नकोस. टोपलीतला प्रवास, कुत्र्यांचं भुंकणं, अनोळखी हात, एवढ्यावर धडधाकट मांजराची साखरही 300 च्या वर जाते. यासाठीच डॉक्टरांनी फ्रुक्टोसामीनची तपासणी करून घेतली. त्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज येतो, त्या एका क्षणाचा नाही.

साखर घसरल्याची लक्षणं आजीलाही दाखवून ठेव. अचानक अधाशासारखी भूक, अंगाला कंप, झोकांड्या, बावरलेली नजर, कोपऱ्यात जाऊन निपचित पडणं, आणि शेवटी झटके. मीटरवर 60 च्या आसपास किंवा खाली दिसलं आणि तो शुद्धीत असला तर लगेच खायला घालायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. गिळण्याच्या स्थितीत नसेल तर मध किंवा ग्लुकोजची पूड ओली करून बोटाने हिरड्यांना चोळायची. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाईल. झटके येत असताना दातांमध्ये बोट घालायचं नाही. आकडा बघायची सवड नसेल तर न बघता मध लाव. साखर उगीच दिली गेली तर फार काही बिघडत नाही. आणि सावरला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच, कारण संथ इन्सुलिन पुन्हा खाली खेचतं.

उलट टोकाचं संकट म्हणजे अंगात कीटोन साचणं. खाणं सोडलं, उलट्या, सुस्ती, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस. लघवीत बुडवायच्या कीटोनच्या पट्ट्या केमिस्टकडे मिळतात, एक डबी घरात असू दे.

आता तुझी आजी, म्हणजे माझी आई. ती त्याला दूध-पोळी कालवून घालते आणि चहाबरोबर मारी बिस्किटाचा कोपराही देते, हे तू लिहिलं नाहीस तरी मला ठाऊक आहे. तिच्याशी भांडू नकोस, तिला काम दे. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. पोळी, भात, बिस्किट आणि त्या कोरड्या खाऊच्या दाण्यांतलं पीठ, हे सगळं त्याच्या साखरेत भर घालतं. प्रथिनं भरपूर आणि पिठूळ भाग कमी असं ओलं मांजरखाणं त्याला बरं. नुसतं उकडलेलं चिकन मात्र रोजचं जेवण होऊ शकत नाही, त्यात टॉरिन, कॅल्शियम असं बरंच कमी पडतं. वरचा तुकडा म्हणून ठीक. तेव्हा चिकन उकडून बारीक तुकडे करून ठेवणं आजीकडे. कांदा, लसूण न घालता, कारण दोन्ही मांजराला विषारी.

पण हाही बदल एका रात्रीत करू नकोस. खाण्यातलं पीठ कमी झालं की इन्सुलिनची गरजही उतरते, कधी कधी पटकन, आणि जुनाच डोस मग जास्त होतो. डॉक्टरांना सांगून, हळूहळू, त्या दिवसांत मोजणी वाढवून. बंड्या जाड आहे म्हणून त्याला उपाशीही ठेवू नकोस. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते दुखणं मधुमेहापेक्षा लवकर जिवावर बेतू शकतं.

तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलेला कारल्याचा रस तिलाच पिऊ दे. गोळीबद्दल तू विचारलंस. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये आणि 2023 मध्ये मांजरांसाठी अशी दोन तोंडी औषधं मंजूर झाली, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत, आणि त्यांत साखर फारशी न वाढताही कीटोन होण्याचा धोका असतो. बंड्याचं इन्सुलिन सुरू झालेलं आहे, तेव्हा तो विषय सोड.

एक गोष्ट मात्र आठवून बघ. मागच्या वर्षी त्याला खाज सुटली होती तेव्हा दिलेली सुई दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडची होती का? जुने कागद काढ. तसं असेल तर तुझ्या आत्ताच्या डॉक्टरांना कळायलाच हवं. स्टिरॉइडने मांजरांत मधुमेह उभा राहू शकतो, आणि तो परतूही शकतो.

हो, परतू शकतो. हे मुद्दाम इतक्या उशिरा लिहिते आहे, नाहीतर तू पहिल्या पानापासून तेच धरून बसली असतीस. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या दुसऱ्या प्रकारासारखा असतो. वाढलेल्या साखरेने दमलेल्या स्वादुपिंडाला वेळेवर विसावा मिळाला तर काही मांजरं इन्सुलिनशिवाय राहू लागतात. 2009 मध्ये रूम्प आणि रँड यांनी 55 मांजरांचा अभ्यास छापला. मालक घरीच मोजत होते, ग्लार्जिन चालू होतं, खाण्यात पीठ कमी. त्यातल्या 64 टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं, आणि निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही कडक शिस्त सुरू झालेल्यांत हे प्रमाण 84 टक्के होतं. ते मालक रोज अनेकदा मोजणारे, नेटाचे होते. त्यामुळे तो आकडा प्रत्येक घराला लागू होईल असं मी म्हणणार नाही. बंड्याचं निदान मात्र नुकतंच झालंय, ही जमेची बाजू.

तोवर आकड्यांइतकंच बोक्याकडे बघ. साखर साधारण 250 ते 290 च्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडू लागतात, म्हणून पाणी जास्त आणि वाळूतले गोळेही मोठे. गोळे लहान होऊ लागले, पाण्याचं भांडं संध्याकाळपर्यंत पुरू लागलं, वजन धरू लागला, तर मीटर काहीही म्हणो, गाडी बरोबर रस्त्याला आहे. मागच्या पायांनी टाचा टेकवून चालतोय असं तू लिहिलंस ना, ते नसांवरच्या परिणामामुळे. साखर ताब्यात आली की पुष्कळदा ते हळूहळू सुधारतं. महिने लागतात.

या रविवारी घरी आहेस तर मोजणी कर. सकाळी सातला, खाण्याआधी आणि सुईआधी पहिलं माप, मग नऊ, अकरा, एक, तीन, पाच आणि संध्याकाळी सात. प्रत्येक आकड्यापुढे त्याने केव्हा, काय खाल्लं ते लिही. तळाचा आकडा 80 ते 150 मध्ये येतो का, एवढंच बघायचंय. तक्ता आधी डॉक्टरांना पाठव, मग मला. मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकले आणि पुढे शिकवलं हे खरं, पण बंड्याला हात लावून तपासणारे ते आहेत, डोस तेच सांगतील. तोपर्यंत एकच युनिट. मीटरच्या पट्ट्या शनिवारीच आणून ठेव, तुमच्या कोपऱ्यावरचा केमिस्ट रविवारी दुपारी दुकान बंद ठेवतो.

तुझी,
सुमाआत्या