क्यूटीचे मॅक्रो आणि डी-बस: काय करावे, काय टाळावे

केडीई २ आणि ३ च्या काळात हेडर फाइलमध्ये ‘के_डीकॉप’ लिहून खाली फंक्शन्स मांडली की दुसरा प्रोग्रॅम ती कॉल करू शके. २००८ मध्ये केडीई ४ आले, प्रोग्रॅममधल्या संवादासाठी डीकॉपच्या जागी डी-बस बसली, मॅक्रोची सवय मात्र टिकली. एका ओळीच्या मॅक्रोने काम भागते, म्हणूनच त्या ओळीने नेमके काय बाहेर गेले हे बघायचे राहून जाते.

काय करावे

• इंटरफेसचे नाव स्वतः द्यावे. ‘क्यू_क्लासइन्फो’मध्ये ‘डी-बस इंटरफेस’ या किल्लीपुढे पूर्ण नाव लिहावे. ते नसले तर क्यूटी ‘लोकल’ने सुरू होणारे नाव आपणच जुळवते आणि त्याच्या शेपटाला क्लासचे नाव लावते. पुढे कोणी रिफॅक्टरिंगच्या भरात क्लासचे नाव बदलले की बाहेरच्या सगळ्या स्क्रिप्ट बंद पडतात. कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते.

• नावात आवृत्तीचा आकडा ठेवावा. सिस्टमडीने हे नीट केले आहे: ‘ऑर्ग.फ्रीडेस्कटॉप.सिस्टमडी१’, ‘लॉगिन१’, ‘होस्टनेम१’. फंक्शनचे आर्ग्युमेंट बदलायची वेळ आली तर ‘२’ आकड्याचा नवा इंटरफेस काढावा आणि जुना काही काळ चालू ठेवावा.

• बाहेर द्यायच्या मोजक्या स्लॉटनाच ‘क्यू_स्क्रिप्टेबल’ लावावे आणि ‘रजिस्टरऑब्जेक्ट’ला ‘एक्स्पोर्टस्क्रिप्टेबलस्लॉट्स’ हा पर्याय द्यावा. पर्याय न दिल्यास फक्त त्या ऑब्जेक्टला जोडलेले अ‍ॅडॅप्टर क्लास बाहेर दिसतात. मॅक्रो लावूनही फंक्शन्सची यादी रिकामी का, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न इथूनच येतो.

• आधी ऑब्जेक्ट नोंदवावा, मग सर्व्हिसचे नाव घ्यावे. क्रम उलटा झाला तर नावाची वाट पाहत थांबलेला पहिला कॉल ‘असा ऑब्जेक्टच नाही’ असे उत्तर घेऊन परततो. ही चूक दहातून एकदाच दिसते, त्यामुळे शोधायला फार त्रासदायक.

• लांबणाऱ्या कामाला ‘क्यूडीबसकॉन्टेक्स्ट’मधून ‘सेटडिलेडरिप्लाय’ वापरावे, किंवा लगेच परतून निकाल सिग्नलने कळवावा. क्यूटीत उत्तराची वाट साधारण २५ सेकंदच पाहिली जाते.

• ‘बससीटीएल इंट्रोस्पेक्ट’ किंवा ‘क्यूडीबसव्ह्यूअर’ने प्रत्यक्ष काय बाहेर दिसते ते तपासावे. त्याहून चांगले म्हणजे इंट्रोस्पेक्शनचे एक्सएमएल गिटमध्ये ठेवावे आणि प्रत्येक बिल्डला नव्याशी ताडून पाहावे. दुसऱ्या टीमचे लोक इंटरफेस वापरणार असतील, तर माझ्या मते आधी एक्सएमएल लिहून ‘क्यूडीबसएक्सएमएल२सीपीपी’ने अ‍ॅडॅप्टर तयार करणेच बरे. मॅक्रोची वाट घरगुती साधनांसाठी ठीक.

काय टाळावे

• ‘एक्स्पोर्टऑलस्लॉट्स’. विंडोचा ऑब्जेक्ट असा नोंदवला की ‘क्यूविजेट’कडून वारशाने आलेले ‘क्लोज’, ‘हाइड’सुद्धा बसवर जातात. ते तुम्ही लिहिलेले नसतात, पण कॉल होतात.

• मॅक्रो म्हणजे परवानगीची तपासणी, असा समज. सेशन बसवर त्याच युजरचा साधारण कुठलाही प्रोग्रॅम कॉल करू शकतो. कमांडची स्ट्रिंग घेऊन ती चालवणारे फंक्शन कधीही उघडे करू नये. सिस्टम बसवर पॉलिसीची फाइल लागतेच, आणि गरजेप्रमाणे परवानगी तपासणारे पोलकिटही.

• ‘क्यू_नोरिप्लाय’चा सढळ वापर. उत्तराबरोबर एररही गिळली जाते. ज्याचे फसणे कोणाला कळले नाही तरी चालेल, अशाच कॉलला तो लावावा.

• ‘फ्लोट’, ‘लाँग’ आणि पॉइंटर. डी-बसमध्ये ‘फ्लोट’ हा प्रकारच नाही, ‘डबल’ आहे. एका प्रोसेसचा पॉइंटर दुसरीत निरर्थक. स्वतःचा स्ट्रक्ट पाठवायचा तर ‘क्यू_डिक्लेअर_मेटाटाइप’वर थांबू नये, वाचण्या-लिहिण्याचे दोन ऑपरेटर आणि ‘क्यूडीबसरजिस्टरमेटाटाइप’ही हवे.

• फाइलचा पाथ स्ट्रिंग म्हणून. डी-बसची स्ट्रिंग शुद्ध यूटीएफ-८ असावी लागते आणि लिनक्सवरचे फाइलनाव तसे असेलच असे नाही. बाइट-अ‍ॅरे द्यावा.

• मोठा डेटा संदेशात कोंबणे. कमाल मर्यादा १२८ मेबिबाइटची आहे खरी, पण तिथवर जाऊच नये. फाइल डिस्क्रिप्टर पाठवावा.

• ‘क्यू_प्रॉपर्टी’तल्या ‘नोटिफाय’वर भिस्त. क्यूटी ५ त्यावरून डी-बसचा ‘प्रॉपर्टीजचेंज्ड’ सिग्नल आपोआप पाठवत नाही. तो स्वतः पाठवावा लागतो.

• क्लायंटच्या मुख्य थ्रेडमध्ये ‘क्यूडीबसइंटरफेस’ बनवणे. त्याचा कन्स्ट्रक्टर समोरच्याला इंट्रोस्पेक्शन विचारून उत्तरासाठी थांबतो. समोरचा प्रोग्रॅम अडकलेला असला की तुमचीही विंडो गोठते. एक्सएमएलपासून बनवलेला प्रॉक्सी ‘एसिंककॉल’सह वापरावा.