वसतिगृहाची वीज-पेटी : निवड आणि विभागणी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुला-मुलींचा मोठा आधार म्हणजे आश्रमशाळा व वसतिगृहे. अशी इमारत बांधताना भिंती, छप्पर व पाणी यांचा विचार बारकाईने होतो. वीज वाटून देणाऱ्या पेटीची, म्हणजे डिस्ट्रिब्युशन बोर्डाची निवड मात्र पुष्कळदा अखेरीस व केवळ किंमत पाहून होते. पोशेऱ्यासारख्या गावात भर पावसात कारागीर लगेच मिळेलच असे नाही. म्हणून ही निवड आरंभीच विचारपूर्वक व्हावयास हवी.

पेटीतील दोन रक्षक

एमसीबी ही कळ वाजवीपेक्षा अधिक भार पडल्यास किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह तोडते आणि तारा जळण्यापासून वाचविते. माणसाला बसणारा धक्का मात्र ती ओळखीत नाही. ते काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला व न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ती क्षणार्धात वीज बंद करते. अतिभारापासून ती संरक्षण देत नाही. म्हणून दोन्ही आवश्यक आहेत. जुन्या कटआऊटमध्ये जाड तार बांधण्याची सवय तर सर्वस्वी त्याज्य होय.

विभागणी का हवी?

संपूर्ण इमारतीस एकच आरसीसीबी बसविली, तर स्नानगृहातील एका ओलसर सॉकेटमुळे सारे वसतिगृह अंधारात जाते. असे वारंवार घडले की, कोणीतरी ती कळ वगळून थेट जोडणी करतो आणि रक्षकच नाहीसा होतो. यास्तव प्रत्येक मजल्यास स्वतंत्र पेटी असावी. स्नानगृहे, स्वयंपाकघर व पाण्याचा पंप यांची मंडले निरनिराळ्या आरसीसीबीवर घ्यावीत. जिना व मार्गिकेतील दिवे खोल्यांपासून वेगळे ठेवावेत. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी निराळी असावी. त्या एकमेकींत मिसळल्यास कळ विनाकारण पडते. हाच नियम पर्यटकांसाठी बांधलेल्या लॉजलाही लागू आहे. तेथे प्रत्येक खोलीचे मंडल स्वतंत्र असले म्हणजे एका खोलीतील बिघाडाचा त्रास इतरांना होत नाही.

भाराचे गणित

समजा, एकूण भार १२ किलोवॅट आहे. तो २३० व्होल्टच्या एकाच फेजवर टाकल्यास सुमारे ५२ अँपिअर प्रवाह वाहील. तीन फेजांवर समान वाटल्यास प्रत्येकी सुमारे १७ अँपिअर. दोन किलोवॅटचा एक गिझरच जवळजवळ ९ अँपिअर घेतो. म्हणून गिझरला स्वतंत्र मंडल द्यावे. एमसीबीची क्षमता तारेच्या क्षमतेहून अधिक कधीही नसावी. पुढील वाढीसाठी पेटीत काही जागा रिकाम्या ठेवाव्यात.

पाऊस व जमीन

पेटी ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा स्नानगृहालगत बसवू नये. येथील जमीन कातळाची आहे. पावसाळ्यात ओल असते तोवर अर्थिंग चांगले लागते; उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगची मोजणी कोरड्या दिवसांत करून घ्यावी.

पदाधिकाऱ्यांनी काय पाहावे?

इमारत ताब्यात घेण्यापूर्वी काम परवानाधारक कंत्राटदाराने केले आहे काय, साहित्यावर भारतीय मानकाचे चिन्ह आहे काय आणि चाचणीचा अहवाल मिळाला काय, हे तपासावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही गळती-प्रवाहापासून संरक्षणाची तरतूद आहे. प्रत्येक कळीखाली ती कोणत्या खोलीची, हे मराठीत लिहिलेले असावे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण अधीक्षकांनी ठराविक मुदतीने दाबून पाहावे व तशी नोंद वहीत ठेवावी. बटण दाबूनही कळ पडली नाही, तर ती त्वरित बदलावी.

या सर्वांस येणारा जादा खर्च इमारतीच्या एकूण खर्चाच्या मानाने अल्प असतो. पालकांनी विश्वासाने सोपविलेल्या मुलांच्या सुरक्षिततेपुढे तो गौण मानला पाहिजे.