जोडाला घाई नको

पोरांनो, गॅसलाइनच्या कामावर नव्याने लागताय, तर चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा.

आपल्या पाइपातून जातो तो मुख्यतः मिथेन. त्याला स्वतःचा वास नाही; नाकाला कळतो तो मुद्दाम मिसळलेला मरकॅप्टन. सुटलेला मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त तापमानवाढ करतो. म्हणून ‘एवढ्याशा गळतीने काय होतंय’ असं कधी म्हणू नका.

पिवळ्या पीई पाइपाचा जोड करताना स्क्रेपरने वरचा पातळ थर सगळीकडून सारखा खरवडा. खरवडलेल्या जागी बोट लावू नका. घामाचा, मातीचा अंश राहिला की जोड कच्चा. क्लॅम्प लावा, आणि कपलर तापवून जोड झाला की त्यावर लिहिलेला थंड होण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत पाइप हलवू नका. संध्याकाळ झाली, मुकादम ओरडतोय, तरी नाही.

लाइन फुटते ती बहुधा दुसऱ्याच्या खोदाईने. रस्त्यावर जेसीबी दिसला की थांबून नकाशा दाखवा. पाइपाजवळ हातानेच खोदायला लावा. इशाऱ्याची पट्टी निघाली, तर ती परत जागेवर अंथरूनच खड्डा बुजवा.

नुसत्या नाकावर विसंबू नका. माती वास शोषून घेते, गॅस मात्र पुढे सरकतो आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये निघतो. भर पावसाळ्यात एकाच पट्ट्यातलं गवत पिवळं पडलं, तर तिथे गळती शोधायचा मीटर लावाच. उघड्या जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडा खोटं बोलत नाही. काडी ओढून बघणाऱ्याला कामावरून घरी पाठवा.

दुरुस्तीला सर्वांत जवळचा व्हॉल्व्ह बंद करा. दूरचा केलात, तर मधल्या पाइपातला सगळा गॅस वाया जातो.

घरोघरी सांगा: एलपीजी खाली साचतो, हा गॅस वर चढतो. वास आला की मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही. बाहेर येऊन फोन.

आणि शेवटचं. गळती बुजवली की काम संपलं असं समजू नका. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा मीटर लावा. काटा शून्यावर दिसला, तरच वहीतली ती नोंद बंद करा.